आमच्या शाळेत सगळं आहे

९ जानेवारी

चि. छोट्या यास,
अनेक आशीर्वाद, आणि सात आठवडे पत्र न लिहिल्याबद्दल एक धपाटा.

शहरात शाई मिळेनाशी झाली की काय? तुझी खुशाली मला पोस्टमनला विचारावी लागते, आणि तो मेला हसतो. सत्तेचाळीस वर्षांचा झालास तरी मी तुला छोट्याच म्हणणार. ऑफिसातल्या लोकांच्या हाती माझी पत्रं पडू देऊ नकोस म्हणजे झालं.

आता खरी बातमी. मुंगीचा अर्ज काल टाकला, तुझ्याच कॉलेजात, गणितासाठी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती म्हणून तू हे नाव ठेवलंस, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि घरात शिरताना चौकटीला डोकं आपटते. दुसरीकडे कुठे अर्ज करायचा नाही म्हणाली. तिथलं गणित नाही मिळालं तर वीटभट्टीवर वडिलांसारखी वजनकाट्यावर बसेन म्हणते. हे ऐकून तिचे बाबा उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

अर्जाचे दोन भाग होते. एक तिने भरला. दुसरा शाळेने भरायचा, चार पानी, वर ठळक छापलेलं, आपल्या शाळेत काय काय उपलब्ध आहे. आमच्या कारकूनबाईंचा पाय मोडलाय, त्या रजेवर. हेडसरांनी तो फॉर्म सरळ माझ्याकडे दिला. बावीस वर्षं लॅबमधल्या बाटल्यांवर लेबलं लिहितेय, माझ्याएवढं सुवाच्य अक्षर शाळेत दुसऱ्या कुणाचं नाही, असं चारचौघांत म्हणाले. मी जरा फुगलेच. दोन दुपारी लॅबच्या ओट्यावर बसून भरला, तपासणीच्या वेळी भरतो तस्सा, कुठे खाडाखोड नाही. शाळेची मान कुठेही खाली जाऊ दिली नाही. सरांनी न वाचता सही-शिक्का केला.

तू तिथे बसलायस ना फायलींच्या राशीत? खरं सांग, पोरीचं होईल का? मला झोप लागते पण ती मधेच मोडते.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. आहे ती माया अशीच राहो.
तुझी,
ताई


२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ अजून दुखतेय.

आधी वाईट सांगतो. मुंगीची फाइल माझ्या हाती येणार नाही. नात्यातलं कुणी असेल तर इथे आधीच लिहून द्यावं लागतं, मी पहिल्याच दिवशी दिलं. ती आता पलीकडच्या खोलीत चष्मेवाल्या बाईंकडे आहे. बाई सरळ आहेत, कुणाचं ऐकत नाहीत आणि कुणाचं वाईटही करत नाहीत. तेव्हा फाइल वर ठेव, खाली ठेव असले उद्योग मला सांगू नकोस. एकोणीस वर्षांची नोकरी आहे, ताई.

आता चांगलं. लोकांना वाटतं इथे मार्क बघतात आणि संपलं. मार्क बघतातच, पण मुलाच्या अर्जाशेजारी शाळेचा फॉर्म उघडा ठेवतात. शाळेत काय काय होतं आणि त्यातलं या मुलाने किती घेतलं, ते ताडून बघतात. गेल्या वर्षी एका नावाजलेल्या शाळेतला मुलगा होता. मार्क उत्तम, शाळेत वरचं गणित, लॅब, वादसभा, सगळं. त्याने कशालाच हात लावला नव्हता. गेला बाहेर. त्याच दुपारी एका खाणीजवळच्या शाळेतली मुलगी आत आली, मार्क त्याच्याहून दोन कमी. तिच्या शाळेत धड फळासुद्धा नव्हता, पण होतं तेवढं तिने सगळं पुसून खाल्लं होतं.

म्हणून म्हणतो, निर्धास्त राहा. तुमच्या शाळेत काही नाही, हीच मुंगीची जमेची बाजू. फॉर्म तू भरलास हे तर फारच बरं झालं. त्या शाळेत काय काय नाही हे तुझ्याइतकं तोंडपाठ कुणाला आहे?

ही बरी आहे, धाकट्याचा दात पडला. माझी आठवण ठेव, पण धपाट्यासाठी नको.
तुझा,
छोट्या


२९ जानेवारी

चि. छोट्या यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी लॅबच्या सिंकपाशी उभ्यानं वाचलं. हातातलं चंचुपात्र फुटलं.

मी फॉर्मात सगळ्यापुढे ‘आहे’ असं लिहिलंय.

वरच्या गणिताचा वर्ग, आहे. शिक्षक, आहेत. सर शाळा सोडून गेले त्याला दीड वर्ष झालं, पण वेळापत्रकात त्यांचं नाव आहे, म्हणून लिहिलं. सुसज्ज प्रयोगशाळा, आहे. सूक्ष्मदर्शक सहा. छोट्या, आमच्याकडे एकच आहे आणि त्यातून माझी पापणी सोडून काही दिसत नाही. बाकीचे पाच तपासणीच्या दिवशी नदीपलीकडच्या शाळेतून हातगाडीवरून येतात आणि संध्याकाळी परत जातात. कपाटातल्या निळ्या बाटल्यांत शाईचं पाणी आहे, लेबलं मात्र माझ्या अक्षरात झकास. वाचनालय, पुस्तकं दोन हजार. जुनी हजेरीपत्रकं धरून. वादसभा, आहे. विज्ञानमंडळ, आहे.

का लिहिलंस म्हणशील. आमच्याकडे छापील कागदावर ‘नाही’ असं लिहायचंच नसतं. मी नवीन लागले तेव्हाच्या हेडसरांनी एकदा खरं लिहिलं होतं, सुतारकामाला शिक्षक नाहीत. त्यांना वाटलं शिक्षक येईल. वरून हुकूम आला, वर्ग बंद करा. हत्यारांची पेटीसुद्धा घेऊन गेले. तेव्हापासून कानाला खडा. छापील कागद दिसला की माझा हात आपोआप ‘आहे’ लिहितो. आणि खरं सांगू? मला वाटलं, चांगल्या शाळेतली मुलगी म्हणून तिला मान मिळेल. फाटक्या शाळेतली म्हणून कुणी तिला हिणवू नये. मी आईच्या हौसेनं लिहिलं रे.

तू तो कागद काढ. बदल. काहीतरी कर. मुंगीला यातलं काही माहीत नाही.
तुझी,
ताई


४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पत्र दोनदा वाचलं आणि फाडून टाकलं, तूही हे फाड. कागद काढणं माझ्याने होणार नाही.

सरळ रस्ता एक आहे. पंचवीस फेब्रुवारीपर्यंत शाळेला दुरुस्त फॉर्म पाठवता येतो. हेडसरांची सही, शिक्का, आणि आधीचा फॉर्म चुकीचा होता अशी एक ओळ. दरवर्षी पाच-दहा शाळा पाठवतात, कुणी भुवई उंचावत नाही. चष्मेवाल्या बाई जुना काढून नवा लावतील, बस्स. एवढं झालं तर मुंगी आत आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

सरांना भेट. रडू नकोस त्यांच्यापुढे, नीट सांग. स्वतःला बोल लावत बसू नकोस. दिवस मोजकेच आहेत.
तुझा,
छोट्या


१२ फेब्रुवारी

ती. मामा यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. ती हल्ली विचित्र वागते. घासलेली भांडी परत घासते आणि मी जवळ गेले की विचारते, भूक लागली का. दिवसातून किती वेळा भूक लागेल माणसाला?

मला एक विचारायचंय. आमचे वरच्या गणिताचे सर गेल्यावर त्यांच्या तासाला मी फळ्यापाशी उभी राहायला लागले. आधी नुसता वर्ग गप्प बसावा म्हणून. सर जाताना एक पुस्तक ठेवून गेले होते, त्याची पहिली चाळीस पानं नाहीत. ती काय असतील हे मागच्या पानांवरून शोधून काढायला मला एक सुट्टी लागली. आता वर्गात बावीस जण आहेत, वह्या काढतात, प्रश्न विचारतात, एकदोघं माझ्या चुकाही काढतात. हेडसर खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. मला वाटतं मी आयुष्यात एवढं चांगलं काही केलेलं नाही.

अर्जात हे लिहायला जागाच नव्हती. वेगळ्या कागदावर लिहून कॉलेजला पाठवू का? आईला विचारलं तर ती नुसतं थांब म्हणाली. कशासाठी थांबायचं ते सांगत नाही.

आणि मामा, मला थापा नकोत. दहात किती शक्यता आहे? आकडा सांग. मी आकड्याला घाबरत नाही.

मामीला नमस्कार. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.
तुझी,
मुंगी


२३ फेब्रुवारी

चि. छोट्या यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रानंतर सरांपाशी जायचं धाडस व्हायला मला आठवडा लागला. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते.

ते म्हणाले, सही-शिक्क्याच्या प्रत्येक कागदाची एक नक्कल शिक्षण खात्याकडे जाते. वरच्या गणिताला शिक्षक नाही आणि लॅब नावापुरतीच आहे, हे एकदा लेखी गेलं की शाळेचे शेवटचे दोन वर्ग बंद. अठ्ठावन्न मुलं. पुढची शाळा दोन बस बदलून. मुलगे जातील कसेबसे, निम्म्याअधिक पोरी घरी बसतील, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती, मला ठाऊक आहे. मग म्हणाले, बाई, तुमची मुलगी आहे, तुम्ही आणाल त्या कागदावर मी सही करतो, वाचणार नाही. एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मोठा शहाणा. सगळं माझ्या गळ्यात घालून मोकळा झाला.

दुसरा फॉर्म मी दहा मिनिटांत भरला. नाही, नाही, नाही, नाही. खरं लिहायला वेळच लागत नाही. तो घेऊन व्हरांड्यातून सरांच्या खोलीकडे निघाले, तर वाटेत गणिताच्या वर्गातून मुंगीचा आवाज ऐकू आला. ती शिकवतेय हे मला ठाऊक होतं, पण मी कधी थांबून ऐकलं नव्हतं, आमची लॅब मागच्या इमारतीत. दारातून पाहिलं. पहिल्या बाकावर भट्टीवरच्या मुकादमाची पोर, जीभ दाताखाली धरून वहीत लिहीत होती. मुंगी तिला म्हणत होती की घाई करू नकोस, आपल्याकडे वेळ आहे.

मी परत लॅबमध्ये आले. कागद ऍसिडच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. परवा शेवटचा दिवस आहे. आज टाकला तरी आता पोचायचा नाही.

मुंगीला विचारायला हवं होतं, असं तू म्हणशील. नाही विचारलं. ती पाठव म्हणाली असती तर मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली असती, आणि नको म्हणाली असती तर मी स्वतःला. मला दोन्ही सोसवलं नसतं.

मला शिव्या दे, पण पत्र लिही.
तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न.

शिव्या द्यायला मला तोंड नाही, ते ऐक.

मुंगीने मला विचारलं होतं की वर्ग शिकवते हे कॉलेजला कळवू का. मी पाठवू नकोस म्हणून एका ओळीत कळवलं. दुसरं काय करणार? शिक्क्याच्या कागदावर सर आहेत आणि पोरगी म्हणते नाहीत, म्हणजे खोटी तीच ठरणार. तिने आकडा मागितला होता. तो मी दिलाच नाही.

गेल्या गुरुवारी चष्मेवाल्या बाई तिची फाइल अर्धवट उघडी टाकून चहाला गेल्या. मी तिथे रॅकवरचं काहीतरी शोधायच्या निमित्ताने गेलो. तुझं अक्षर दुरून ओळखलं. चार पानं, टाचणीने लावलेली. टाचणी काढली की झालं असतं. शाळेचा फॉर्म नसला तर दुसरा मागवतात, महिना मिळाला असता, कुणी सांगावं, काही सुचलं असतं. मी हात पुढे केला. मग पेपरवेट थोडं सरळ केलं आणि परत आलो. माझ्याच टेबलाशी बसून राहिलो.

बाई आल्या. वाचताना त्या मोठ्याने बोलतात. शेजारच्या माणसाला म्हणाल्या, कमाल आहे, डोकं आहे या मुलीला, पण शाळेत एवढं सगळं असून एक गोष्ट घेतली नाही, ना वरचं गणित, ना लॅब, ना काही, आळशी दिसते. तो हो म्हणाला. दार उघडं होतं. मला उठून सांगता आलं असतं की ही मुलगी आळशी नाही. ताई, एवढं एक वाक्य. नियमात कुठेही बसत नसलं तरी खरं होतं. मी समोरच्या फायलीवर नंबर घालत राहिलो.

निकाल पुढच्या महिन्यात येईल. तो काय आहे ते तुला कळलंच. मुंगीला तू सांग. मामाने सांगितलं असं होऊ देऊ नकोस. हे मी भित्रेपणानेच म्हणतोय, माहीत आहे मला.

वाटलं तरच उत्तर दे.
तुझा,
छोट्या


१६ एप्रिल

ती. मामा यास,
सा. न. वि. वि.

कॉलेजचं पत्र आलं. नकार देतात हे मला माहीत होतं, पण नकाराचं कारणही देतात हे माहीत नव्हतं. लिहिलंय की शाळेत उपलब्ध असलेल्या संधींचा अर्जदाराने पुरेसा उपयोग केलेला दिसत नाही.

चार दिवस मी ते खरं धरून चालले. कोणती संधी सोडली ते आठवत बसले. शाळेतली तीन फडताळं पुस्तकं मी वाचलीत, चौथ्यात हजेरीपत्रकं आहेत. शेवटी वाटलं, काहीतरी असणार, जे इतरांना दिसत होतं आणि मला दिसलं नाही. रस्त्यातून जाताना मला माझीच लाज वाटायला लागली. आईला विचारलं, मी आळशी आहे का ग? तेव्हा तिने मला लॅबमध्ये नेलं, ऍसिडचं कपाट उघडलं आणि सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं. तुझंही सांगितलं, टाचणीचं. तुझी पत्रं तिने फाडली नव्हती.

तुझ्यावर मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण तो राग फार टिकला नाही. त्या बाईंनाही मी काही म्हणत नाही, त्यांच्यापुढे जे होतं ते त्यांनी वाचलं. आईने पहिला फॉर्म भरला त्याचंही मला काही वाटत नाही, मीसुद्धा तसाच भरला असता, आम्ही सगळे याच शाळेतले.

पण दुसऱ्या वेळी तिने मला विचारलं नाही. त्या बावीस जणांना मी शिकवते, मामा, ती नाही. कोण कुठे अडतं ते मला माहीत आहे. रोज तासभर मी हेच करते, त्या दिवशी मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते ठरवायला बसते. कधी वाटतं, राहू दे म्हटलं असतं, आणि मग मला हे सगळं सोसायला सोपं गेलं असतं, कारण मी ते स्वतः दिलं असतं. कधी वाटतं, आईच्या हातातून कागद हिसकावून सरांकडे पळाले असते. दोन्ही मला सारखंच खरं वाटतं. मी कशी आहे हे कळायची ती एकच वेळ होती, आणि ती माझ्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी उरकून टाकली.

बाबांनी मुकादमाला विचारलंय. एक तारखेपासून वजनकाट्यावर जागा आहे. शाळा तोवर चालू राहील.

गेले आठ दिवस मी त्या तासाला जात नाही. पहिले दोन दिवस मुलं वह्या काढून बसून राहिली. मग मैदानात जायला लागली. मुकादमाची मुलगी अजून एकटी वर्गात बसते, पण बाकावर डोकं ठेवून. मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून बघते आणि आत जात नाही. का, ते मला विचारू नकोस. पाय उचलत नाही.

आईला हे माहीत नाही. तिला वाटतं मी अजून शिकवते, आणि त्या एवढ्याशा गोष्टीवर ती दिवस काढतेय. जेवताना विचारते, आज किती जण होते? मी सांगते, बावीस.

तू तिला पत्र लिही. रोज पोस्टमनची वाट बघते. वर्गाचं मात्र लिहू नकोस.

तुझा जीव आहे माझ्यावर हे मला ठाऊक आहे, तो असू दे.
तुझी,
मुंगी